चांदणीखालची पाटी

चांदणी चौथ्यांदा उसवली. कापडाचे आठ शंकरपाळे जोडायचे आणि त्यांची टोकं मधोमध एका जागी आणायची, एवढंच काम आहे. माझ्याकडून ते होत नाही. सात कसेबसे बसतात आणि आठव्याला जागा उरत नाही. दाबून बसवला की मध्ये टेंगूळ येतं. इस्त्री फिरवली की टेंगूळ बसतं आणि शेजारी चुणी उभी राहते. कापड बायकोच्या जुन्या लुगड्याचं आहे, दरवेळी उसवताना त्याच्या कडांच्या दशा निघतात. आता शिवणीपुरतंही कापड राहीलसं वाटत नाही.

बायको समोर तूर निवडत बसली होती. सुपातून नजर न काढता म्हणाली, "तुमच्या मायनं कशी शिवली होती म्हनं?"

हे बोलणं गेला महिनाभर ऐकतो आहे. नांदेडला मुलीला मुलगी झाली. बारशाला वाकळ, म्हणजे गोधडी, हवी, आणि मुलीचा हट्ट असा की लातूरला टांगली आहे तशीच चांदणी मध्ये पाहिजे. मुलीनं बायकोला फोनवर सांगितलं तर बायको म्हणाली, "ज्यांच्या नावाची हाय त्यांच्या घरच्यांला सांग." घरचा म्हणजे मी. म्हणून साठी उलटल्यावर शिरूरच्या घरात सुई घेऊन बसलो आहे.

लातूरच्या एका संस्थेनं जुन्या वाकळी गोळा केल्या होत्या. त्यांची माणसं घरी आली, तेव्हा आईला जाऊन थोडेच दिवस झाले होते. आईच्या शेवटच्या आजारपणात मी नोकरीचं निमित्त सांगून फारसा आलोच नव्हतो, ते मनात सलत होतं. पाहुण्यांनी चांदणीची वाकळ उलगडली आणि विचारलं, कुणाच्या हातची? मी म्हणालो, आईच्या. त्या क्षणी बायको चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं कप ठेवले, साखर कमी-जास्त विचारली आणि आत गेली. वाकळ लातूरला गेली. तिच्याखाली आईच्या नावाची पाटी लागली. त्यानंतर बायकोनं वाकळी पुष्कळ शिवल्या, पण सगळ्या साध्या. चांदणी एकही नाही.

खरं तर आईला ती चांदणी आवडतच नव्हती. आईनं वाकळीसाठी कधी कात्री लावली नाही. लुगडं दाताखाली धरून जरासं फाडायची आणि उभ्या धाग्यानं सरळ टरकावायची. मग काठाकडून आत टाके घालत जायचं, हीच आमच्या घरची रीत. बायको देगलूरकडची. तिच्या माहेरी कापड तिरकं कापून चांदणी करायचे आणि मधून बाहेर शिवत यायचे. नवीन लग्न झालेली ती कात्री घेऊन बसली तेव्हा आई म्हणाली होती, "धड कापड चिरायचं आन पुना जोडायचं. याड लागलंय का पोरी?" ती वाकळ आईनं कधी अंगावर घेतली नाही. पेटीतच राहिली, म्हणून तर इतकी नवी राहिली.

चौथ्यांदा उसवल्यावर मात्र माझं डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी बायकोला न सांगता लातूरची गाडी धरली. संस्थेतल्या गृहस्थांना सगळं सांगितलं. ते हसले. "काका, तुमचा मोठेपणा आहे. काकूंचं नाव पुढं करायलात." मी म्हणालो, मोठेपणा कसला, मी खोटं बोललो होतो. त्यांना ते पटेना. शेवटी म्हणाले, "सासू-सुनेची कला असं लिहू या का? बघणाऱ्यांना बी छान वाटतंय." मी नाही म्हणालो. मग ते म्हणाले, तुमच्या हदगावच्या बहीणबाई दरवर्षी पाहुणे घेऊन पाटीसमोर फोटो काढतात. आधी त्यांची संमती घ्या. खोटं सांगायला कुणाची संमती लागली नव्हती, हे माझ्या ओठांवर आलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. "मग लावा फोन."

फोन मोठ्या आवाजावर ठेवला. बहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दादा, मायच्या मागं तेवढं एकच राहिलंय. तेबी काढून घ्यालास का?"

बायकोच फोनजवळ वाकली. "वन्सं, मायचं कोनी काय काढून घेत न्हाई. मायला जे बघवत नव्हतं त्याखाली तिचं नाव हाय. मायच्या सरळ टाक्याच्या चार वाकळी तुमच्याच घरात हायत. त्या टांगा की."

"वहिनी, मग इतकी वर्सं गप का बसलीस?"

"ते तुमच्या भावाला इचारा," असं म्हणून तिनं फोन माझ्या हातात दिला.

मी बहिणीला सांगितलं, आईच्या आजारपणात आलो नाही ते सलत होतं, म्हणून तिचं नाव घेतलं. मी येत नव्हतो तेव्हा आईचं सगळं हीच करत होती, हेही सांगितलं. मग बहीण म्हणाली, कुकर लावलाय, नंतर बोलते.

बायकोनं माझी उसवलेली चांदणी उचलली. तुकडे ओट्यावर मांडले. "एकामागं एक लावत गेलात, काठाला टाके घालावं तसं. असं न्हाई होत. चार इकडं, चार तिकडं. मग दोन अर्ध्या जोडायच्या. आन तिरकं कापड वढायचं न्हाई, वाढतंय."

"हे महिनाभर सांगता आलं नसतं का?"

"चांदणीचं इचारत होता. पाटीचं कवा बोललात?"

तू शिवतेस का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. पाटी बदलू द्या, मग बघू. बारशाला तुमचीच जाऊ द्या."

बारसं पुढच्या आठवड्यात आहे. चार-चारच्या दोन अर्ध्या झाल्या आहेत, जोडल्यावर टोकं तरीही थोडी चुकतात. बहीण अजून हो म्हणालेली नाही, आणि संस्थेतले गृहस्थ माझा फोन उचलत नाहीत. म्हणून इथं लिहून ठेवतो. लातूरला टांगलेली चांदणी माझ्या बायकोनं शिवली आहे. आईनं नाही. नांदेडला जी वाकडी चांदणी जाईल, ती माझी.