टपावरच्या लायटी

मुंबईकरांना काशीदच्या किनाऱ्यावर गाडीत झोपायची हौस असते आणि त्या हौशीवर माझं पोट चालतं. जुना टेम्पो घेतला, आत गाद्या टाकल्या. टपावर चार फोकस हवे होते.

"लायटी मी लावतो," बाबा म्हणाले.

एकेकाळी रेवदंड्यातल्या निम्म्या बोटींचं वायरिंग त्यांच्या हातचं. आमची बोट विकल्यापासून मात्र ते दारात भिंतीला टेकून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "काय काम हाय का?" मला त्याची लाज वाटायची. फुकटात माणूस मिळतोय म्हणून मी हो म्हटलं. माया वगैरे काही नव्हती.

त्यांनी चार दिवस घेतले. प्रत्येक फोकसला दोन वायरी, एक जाणारी, एक परतीची, थेट बॅटरीपर्यंत. गाडीला परतीची वायर लागत नाही, पत्राच ते काम करतो, हे मी दोनदा सांगितलं. "खाऱ्या हवेत पत्र्याचा भरवसा न्हाय," एवढंच म्हणाले. वायरी आत घ्यायला टपाला पाडलेल्या भोकांत त्यांनी कापूस आणि राळ ठासली, बोटीच्या फळ्यांच्या फटीत ठासतात तशी. मग लांब उभे राहून बराच वेळ गाडीकडे बघत होते.

लाकडात राळ धरते. मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती वितळते. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी ती आत गादीवर ठिबकली, एका बाईच्या पांढऱ्या ड्रेसवरही. बाबा हौसेनं, धुतलेला सदरा घालून बघायला आले होते.

"बोट विकली तेव्हाच तुलाही विकायला हवं होतं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "पण घेतलं कोणी असतं?"

गिऱ्हाईक हसलं. ते हसलं म्हणून मला आणखी चेव आला. घरी आल्यावर मी सगळ्या वायरी उपटल्या आणि तांबं काढायला अंगणात जाळल्या, बाबांच्या समोर. धूर त्यांच्याकडे जात होता. ते जागचे हलले नाहीत. अलिबागच्या दुकानदारानं तासाभरात नवं काम करून दिलं, चारही फोकसांचं परतीचं टोक पत्र्याला एकाच स्क्रूनं आवळून.

पावसाळा सरला आणि एका संध्याकाळी, गिऱ्हाईक नाक्यावर चहा पीत असताना, चारही फोकस बंद पडले. दुकानदार फोन उचलेना. मी बॅटरीला शिव्या घालत होतो. बाबा न बोलवता दारातून उठले, पत्र्यावरचा तो स्क्रू काढून माझ्या हातावर ठेवला. नुसता गंज होता. त्यांनी कुठूनतरी जुन्या वायरचा तुकडा आणला, दातानं सोलला आणि परतीची जोड थेट बॅटरीला दिली. लख्ख उजेड पडला.

तेवढ्यात गिऱ्हाईक परतलं. "वा! कोणी बसवल्या हो लायटी?"

"मी," मी म्हणालो.

बाबा पायरीवर बोटं पुसत बसले होते. त्या माणसानं सहज त्यांच्याकडे पाहिलं.

"व्हय, त्यानंच," बाबा म्हणाले. "मला न्हाय जमत आता."