सिंधू सिस्टरनं सोडलेलं पाणी

सिंधू सिस्टर कधी भांडायची नाही. ज्याच्याशी बिनसलं त्याच्या दारचं पाणी प्यायचं सोडायची, मिटेपर्यंत, बस्स. आमच्याकडं ही जुनीच रीत, पण तिच्यासारखी पाळणारी मी दुसरी पाहिली नाही. सख्ख्या भावाच्या घरीसुद्धा कोरडी जाऊन कोरडी आलेली बाई.

परभणीत मी ज्या दवाखान्यात झाडलोट करते, तिथं ती नर्स होती. हात असा हलका, की सुई टोचून झाली तरी लेकरू विचारायचं, कधी टोचणार?

वर्षभर राहीन असा शब्द देऊन लागली होती. मध्येच पूर्णेला तिची आई अंथरुणाला खिळली. सिंधूनं तिथंच एका दवाखान्यात काम बघितलं आणि इथलं सोडलं. डॉक्टर चिडले. दोन महिन्यांचा पगार अडवला, वर तिची सर्टिफिकेटं कपाटात ठेवून घेतली. सर्टिफिकेटांशिवाय पूर्णेला तिला कोण उभं करणार?

"एक महिना कापा साहेब, शब्द मी मोडलाय," ती म्हणाली. "पण जेवढी चूक तेवढंच कापा. दुसरा महिना माझा हाय."

"जा कोर्टात," डॉक्टर म्हणाले.

कोर्टात कशाची जातीय. दवाखान्याच्या दारातल्या बाकावर येऊन बसली. सकाळच्या गाडीनं यायची, संध्याकाळी आईकडं परत. दिवस उन्हाळ्याचे, ओठांना भेगा पडलेल्या. मी ग्लास नेला की म्हणायची, "मावशी, तुमच्या घरी येऊन घागर पिते. इथलं न्हाई."

डॉक्टरांच्या आई, आक्का, वरच्या मजल्यावर राहायच्या. त्यांच्या कानावर गेलं तशा जिना धरधरून खाली आल्या. "विलास, दारात माणूस तहानलेलं बसलंय. मला घास उतरंना. काय असंल ते देऊन टाक तिचं."

डॉक्टरांनी एक महिना कापला, एक दिला, सर्टिफिकेटं दिली. आक्कांनी तांब्या पुढं केला. सिंधू उभ्यानंच घटाघटा प्याली, आक्कांच्या पाया पडली आणि स्टेशनाकडं चालायला लागली. डॉक्टरांकडं तिनं बघितलं नाही.

पुढं आक्का गेल्या. मागच्या वर्षी पूर्णेत काविळीनं सिंधूही गेली. बातमी मीच डॉक्टरांना सांगितली. दवाखाना रिकामा झाल्यावर मला थांबवून हळूच म्हणाले, "मावशी, ते पाणी ती आमच्या दारचं म्हणून प्याली, का नुसतं आक्काच्या हातचं?"

आता हे मी कसं सांगू? अजूनही अधूनमधून विचारतात. मी फडकं पिळत राहते.