एशियाडचे पंख

करुणा साळवेच्या हाताखालच्या एकाही पेशंटची पाठ आजवर फुटली नव्हती. अंथरुणाला खिळलेलं माणूस एकाच कुशीवर पडून राहिलं की त्याच्या पाठीला, कमरेला जखमा होतात, आणि मग आजार राहतो बाजूला, त्या जखमाच माणसाला खातात. शिरूरच्या एका दवाखान्यात करुणा आया म्हणून लागली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरने तिला सांगितलं होतं, औषधाचं डॉक्टर बघतील, तू फक्त माणूस या कुशीवरून त्या कुशीवर करत राहा. करुणाने ते असं काही मनावर घेतलं की एसटीत शेजारचा उतारू डुलक्या घेताना वाकडा झाला, तरी तिचा हात त्याची मान सरळ करायला पुढे जायचा. एकदा न्हावऱ्याच्या एका पाटलाने त्यावरून तिला चार शब्द सुनावले होते. तिने त्याच्या मानेखाली पिशवी सारली आणि मगच ऐकून घेतले.

पुढे ती घरोघरी जाऊन पेशंट सांभाळायला लागली. तिथे तिला आणखी एक अभिमान चिकटला. "पेशंटनं तोंड उघडायच्या आत मला कळतं त्याला काय पायजे," असं ती चारचौघांत सांगायची. आणि खरंच कळायचं, नाही असं नाही. दहातल्या नऊ वेळा बरोबर येणाऱ्या माणसाला दहाव्या वेळी कोण टोकणार?

शेखलालमामांकडे ती लागली ती अशी नावाजलेली होऊन. मामा एसटी डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डावा हात, कान आणि डोकं मात्र शाबूत होतं. काही हवं असलं की ते डाव्या हाताने कॉटचा लोखंडी दांडा वाजवायचे. करुणा लगेच पाणी, भांडं किंवा उशी घेऊन हजर. "बघा, कळलं का न्हाई मला?" असं वर त्यांनाच विचारायची.

त्यांच्या खिडकीत एक मोठी बरणी होती. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधलेला, आत बाभळीची वाळकी काटकी, आणि काटकीवर खंडोबाचा किडा. तोच तो, हिरवागार, लांब मानेचा, पुढचे दोन पाय जोडून बसणारा. लोक पोपट पाळतात, मामा किडा पाळायचे. डेपोच्या कुंपणावर त्यांना पहिला सापडला, तेव्हापासून बरणी कधी रिकामी राहिली नव्हती. किड्याचं आयुष्य ते केवढं, वर्षाच्या आतलं. एक गेला की ते दुसरा शोधून आणायचे. हा शेवटचा त्यांनी मुंगीएवढा असताना आणला आणि आठवड्याभरात स्वतःच आडवे झाले. ते दवाखान्यात असताना त्यांच्या बायकोने, बानूमामीने, माश्या धरधरून तो जगवला. हिरव्या अंगावर कडेने पांढरी रेघ होती, म्हणून मामांनी त्याचं नाव ठेवलं होतं एशियाड, एसटीच्या जुन्या हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाडीवरून. गाडी म्हणजे ती, म्हणून किडाही 'ती' झाला.

बानूमामी म्हणायच्या, ती सारखी दुवा मागते. करुणाची आई अशा किड्याला खंडोबाचा म्हणून हात लावू द्यायची नाही. करुणाला स्वतःला विहारात वंदनेला बसलेल्या बाया आठवायच्या. एशियाडला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती माशीची वाट बघत असायची. माशी टप्प्यात आली की जोडलेले हात सुटायचे आणि वंदना तिथेच संपायची.

करुणा आधी नाक मुरडायची. पण महिन्याभरात तीच गुळाचा खडा ठेवून माश्या पकडायला लागली, काटकीवर पाणी शिंपडायला लागली. एशियाड मान वळवून तिच्याकडे बघायची, ते तिला आवडायचं. मामा तर दिवसभर बरणीकडेच बघत असायचे. कधीकधी सकाळी बरणीत पातळ पापुद्रा पडलेला असायचा. खाल्लेल्या किड्याचं उरलंसुरलं असेल, असं समजून मामी तो झाडून टाकायच्या. त्याचा खरा अर्थ त्या घरात एकट्या मामांना माहीत होता, आणि त्यांना तो सांगता येत नव्हता.

दौंडला मामींच्या लेकीला, रुबीला, मुलगी झाली. नात बघायला मामी सकाळच्या एसटीने निघाल्या. जाताना उंबऱ्यातून म्हणाल्या, "करुणा, एशियाडनं दोन-तीन रोज झालं माशी खाल्ली न्हाई गं. बघ जरा तिच्याकडं."

"जावा निवांत, मामी. माणसं सांभाळते मी, किडा काय जड हाय व्हय?"

दुपारी तिने मामांना पेज भरवली, तोंड पुसलं. मामांचं तोंड खिडकीकडे होतं. डोळे लकाकत होते, इतके की करुणाने वळून पाहिलं. एशियाड बरणीच्या जाळीला मागच्या पायांनी उलटी लटकली होती. डोकं खाली, हालचाल काही नाही. आणि मानेच्या मागे तिची पाठ उभी चिरली होती.

"अगं बया! हिची पाठ फुटली!"

दुसरी कोणी असती तर लांबून बघत बसली असती. पण करुणाचे हात वीस वर्षं तेच करत आलेले. लटकलेलं सरळ करायचं, पालथं उताणं करायचं, फुटल्या पाठीवर पावडर टाकायची. तिने जाळी सोडली, एशियाडला दोन बोटांत धरून अलगद ओढून घेतलं आणि कापसाच्या गादीवर सरळ ठेवलं. जखमेवर चिमूटभर पावडर टाकली. चमच्याने पाण्याचा थेंब तोंडाशी धरला.

मामांनी दांडा वाजवला.

"आले, आले. दम धरा."

मामा थांबले नाहीत. घशातून घोगरा आवाज काढत त्यांनी दांडा असा बडवला की कॉट हलली. करुणाने भांडं आणलं. मामांनी ते डाव्या हाताने लोटलं, मान हलवली. पण तिचं मानेकडे लक्ष कुठे होतं? आणायला उशीर झाला, चादर भिजली असेल, म्हणून चिडलेत, असं तिने ठरवून टाकलं. चादर कोरडी होती. तरी बदलली. मग कूस बदलायची वेळ झालीच होती, म्हणून तिने त्यांना भिंतीकडे तोंड करून झोपवलं. भिंतीकडे बघत मामा तसेच घोगरत राहिले. ती त्यांच्या पाठीला तेल चोळत म्हणाली, "आजारपणात माणूस असंच चिडचिडं व्हतंय."

परत कापसाकडे आली तेव्हा एशियाड संपलेली होती. जुन्या कातडीतून अर्धी बाहेर आलेली, पाय वेडेवाकडे मुडपलेले. चिरलेल्या पाठीतून दोन ओले हिरवे पंख डोकावत होते, चुरगळलेल्या कागदासारखे. तिला तोवर पंख नव्हतेच. वर जाळीला तिच्या मागच्या पायांची पोकळ सालं अजून धरून होती.

करुणाचं माहेर कासुर्डीचं, शेतातलं. सापाची कात तिने लहानपणापासून बघितलेली. तिला समजायला वेळ लागला नाही. ती आजारी नव्हती, कात टाकत होती. उलटं लटकल्याशिवाय ते होत नसणार. आपण मध्येच ओढली. मग दुसरी गोष्ट समजली. मामांना भांडं नकोच होतं. ते सांगत होते, हात लावू नको.

तिने त्यांना वळवलं. मामांनी कापसाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "मामा, मला ठावं नव्हतं वो," ती म्हणाली. ते खरं होतं. इथवरची चूक कोणीही पोटात घातली असती.

संध्याकाळी मामी आल्या, नातीचं काय काय सांगत. मग बरणीकडे पाहून थबकल्या. "एशियाड कुठाय?"

"गेली, मामी," करुणाच्या तोंडून निघालं. "आपसूकच. खात नव्हती ना दोन-तीन रोज."

"या अल्ला!" मामी कॉटवर टेकल्या. "तुम्ही बघितलंत का हो? तुमच्यासमोरच गेली व्हय?"

मामांनी हात उचलला आणि दांडा वाजवला. एकदा, दोनदा, नजर करुणावर ठेवून.

"लघवी आली असंल," करुणा म्हणाली, आणि भांडं घेऊन पुढे झाली.

दुपारी तिला कळलं नव्हतं. आता कळत होतं. कळून सवरून तिने भांडं पुढे केलं होतं. मामांनी या वेळी ते लोटलं नाही. हात खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

त्या दिवसापासून मामांनी दांडा वाजवणं सोडलं. पाणी दिलं तर प्यायचे, नाही दिलं तर पडून राहायचे. चादर भिजली तरी हात उचलायचे नाहीत. करुणाने कामात कसूर ठेवली नाही. उलट दुप्पट केलं, नखं काढली, दाढी केली, पायाला तेल लावलं. पण ज्याच्यादेखत खोटं बोललो त्याची दाढी करणं सोपं नसतं, त्याचं तोंड वीतभर अंतरावर असतं. रविवारी विहारात ती सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होती. पहिलं शील जीव न घेण्याचं, ते तिने म्हटलं, ते अजाणता झालं होतं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे तिची जीभ टाळ्याला चिकटली. बाजूच्या बायका पाचव्यावर गेल्या तरी ती तिथेच होती.

मग तिने अपराधी माणसं करतात तेच केलं. भरपाई करायला निघाली. कासुर्डीला जाऊन भावाच्या लसूणघासाच्या वाफ्यात दिवसभर वाकून शोधलं आणि दुसरा खंडोबाचा किडा घेऊन आली, जवळजवळ तेवढाच. त्याला पांढरी रेघ नव्हती.

मामींना केवढा आनंद! "बघा तरी, करुणानं काय आणलंय!" त्यांनी बरणी मामांच्या तोंडापुढे धरली. मामांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"असं का करतात गं हल्ली?" मामी करुणाला म्हणाल्या. "दांडाबी वाजवत न्हाईत. डोक्यात आणखी काय झालं का? डॉक्टरला दाखवू का परत?"

करुणाने चादर नीट करायला हात पुढे केला होता, तो तसाच राहिला.

"मामी, त्यांना काय झालेलं न्हाई. त्या दिवशी त्यांना लघवी नव्हती लागली."

"कवा?"

"तुम्ही दौंडवरनं आला तवा. ते तुम्हाला सांगत होते. एशियाड आपसूक न्हाई गेली. मी मारली." आणि मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कात, पावडर, पंख. शेवटी भांडं.

मामींनी बरणी खिडकीत ठेवली. बोलल्या तेव्हा आवाज चढवला नाही, त्यानेच करुणा मेल्याहून मेल्यासारखी झाली. "किडा मेला ते मेला. तुला ठावं नव्हतं. पण त्यांच्याकडं एक दांडा तेवढा उरला होता, करुणा. त्यावर तू माझ्यादेखत भांडं ठेवलंस."

"चुकलं, मामी."

"मला काय सांगतीस? त्यांना सांग."

मामी आत गेल्या. करुणा कॉटशेजारी खाली बसली. "मामा, उद्यापास्नं येऊ का नको, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. मामा भिंतीकडे बघत होते. ती बसून राहिली. वीस वर्षांत पेशंटशेजारी ती हात मोकळे ठेवून बसली ती पहिलीच वेळ.

बऱ्याच वेळाने दांडा वाजला.

करुणा ताडकन उठली. सवयीने हात कॉटखाली भांड्याकडे गेला, आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. नाही. आता ठरवायचं नाही. विचारायचं.

"पाणी पायजे?"

मान हलली. नाही.

"उशी टोचतीय? बरणी इकडं आणू?"

नाही. दांडा पुन्हा वाजला.

"किडा सोडून देऊ? माझ्या हाताखाली नगं म्हणून?"

नाही, नाही. दांडा जोरात वाजायला लागला. करुणाला रडू फुटलं. राहिलेला प्रश्न एकच होता, तो तिने शेवटी विचारला.

"मी जाऊ, मामा?"

मामांनी मान हलवली. नाही. चांगली दोनदा. आणि लगोलग डोळे मिटून त्यांनी सुस्कारा टाकला, आणि अंगाखालची चादर मधोमध भिजत गेली.

त्या वेळी मात्र त्यांना खरंच लघवी लागली होती.

करुणा बघतच राहिली. मामांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते का रागावले होते, अर्ध्या तोंडावरून सांगणं अवघड. तिने ओली चादर काढली, कोरडी घातली, डोळे खांद्याला पुसत. कूस बदलायच्या आधी विचारलं, "खिडकीकडं करू?" मामांनी मान डोलावली.

ती अजून तिथेच कामाला आहे. नवा किडा वाढतोय. तो उलटा लटकला की ती हात पाठीमागे बांधून उभी राहते. पण त्या दिवशीचं ते 'नाही' तिला दिलेलं उत्तर होतं, की घाईला आलेल्या माणसाने नुसतीच मान हलवली होती, हे तिला आजपर्यंत कळलेलं नाही. पुन्हा विचारायचा तिला धीर होत नाही.