निकानोरचे दोनशे एकाहत्तर

सांता इनेस साखर कारखान्याच्या बेसबॉल संघात निकानोर सेवेरिनो पंधरा वर्षं खेळला, आणि त्या पंधराही वर्षांत लीगची नोंदवही त्याच्या बापाच्या, डोन आबेलार्दोच्या, मांडीवर होती. बापाच्या हातात पेन्सिल म्हटल्यावर पोराची चंगळ, असं तुम्हाला वाटेल. डोन आबेलार्दोला तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून.

फलंदाज आपल्या फटक्याच्या बळावर बेसवर पोचला तर ती हिट. समोरच्याच्या हातून चेंडू सुटला म्हणून पोचला तर ती समोरच्याची चूक, फलंदाजाला शून्य. शंकेचा फटका कशात घालायचा, ते नोंदवहीवाला ठरवतो. इतरांना डोन आबेलार्दो शंकेचा फायदा द्यायचा, निकानोरला कधीच नाही.

चौऱ्याहत्तरच्या अंतिम सामन्यात निकानोरने मारलेला चेंडू एकाच्या हातमोज्याला चाटून सणसणत निघून गेला. अख्खं मैदान उभं राहिलं. वहीत मात्र लागली चूक. घरी जेवताना निकानोरने विचारलंच, "बाबा, ती हिट नव्हती?"

"दुसऱ्याच्या पोराची असती तर होती," बाप म्हणाला आणि आपल्या ताटातला तळलेल्या चीजचा तुकडा त्याच्या ताटात टाकला.

आता बाप नाही, निकानोरने सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात. मैदानाच्या भिंतीवर जुन्या खेळाडूंची नावं रंगवलीत. नियम असा, की कारकिर्दीची सरासरी दर हजार वेळा फलंदाजीला दोनशे ऐंशी हिट हवी. निकानोरच्या दोनशे एकाहत्तर. डॉमिनो खेळायला जाताना रोज ती भिंत लागायची. "जिवंतपणी माझं नाव तिथे बघायचंय," असं तो मुलीला, मिलेदिसला, सरळ म्हणायचा.

भिंतीच्या समितीचा प्रमुख फेर्मीन. शेजारच्या कारखान्याचा एके काळचा गोलंदाज, जिभेने तिखट. त्याने निकानोरला बोलावून घेतलं.

"पंधरा वर्षांच्या मिळून वीस हिट कमी पडतात तुला. तुझ्या बापाने याच्या दुप्पट गिळल्यात, आणि निम्म्या माझ्याच चेंडूंवरच्या. मी साक्ष देतो. वही आण, दुरुस्त करून टाकू."

समितीने माना डोलावल्या. निकानोरला मोह झाला, खोटं कशाला बोला. पण तो म्हणाला, "नको. बापाने पोराला वर ओढलं असं कुणी म्हणू नये, म्हणून बाबांनी पंधरा वर्षं मन मारलं. त्यांच्या अक्षरावर मी रेघ ओढणार नाही."

"मग बस बाहेर. बापासारखाच आडमुठा."

घरी येऊन तो न जेवता पडून राहिला. मिलेदिस शाळेत गणित शिकवते. तिने आजोबांच्या पंधरा वह्या काढल्या आणि एकट्या निकानोरची नाही, लीगमधल्या झाडून सगळ्यांची बेरीज मांडली. तीन आठवडे लागले.

"पप्पा, तुमच्या काळात लीगची सरासरी होती दोनशे एकोणतीस. दोन चेंडूंवर अख्खा रविवार निघायचा ना? संध्याकाळपर्यंत चेंडूचा लगदा व्हायचा, मारणार काय कप्पाळ? भिंतीवरचे बरेच जण नंतरचे. तेव्हा सरासरीच दोनशे चौऱ्याहत्तर होती. तुम्ही तुमच्या लीगच्या बेचाळीसने वर आहात. भिंतीवर इतका वर एकही नाही, मी सगळे तपासलेत. आणि आजोबांचा एक आकडाही हलवला नाही."

निकानोरने तिच्या हातातला कागद घडी करून खिशात घातला आणि तो तडक फेर्मीनकडे निघाला.

फेर्मीनने कागद दोनदा वाचला. "म्हणजे आम्ही गोलंदाज फेकायचोच तसे," असं म्हणून आधी स्वतःची कॉलर ताठ केली, मग सही ठोकली. नियम बदलला: प्रत्येकाचा आकडा त्याच्या काळच्या लीगच्या सरासरीशी ताडून बघायचा.

रविवारी भिंतीवर नाव चढलं. निकानोर सेवेरिनो, २७१. खाली, लीग २२९. त्याखाली निकानोरने हट्टाने तिसरी ओळ लिहून घेतली: नोंद, आबेलार्दो सेवेरिनो.

फेर्मीनने ती ओळ मोठ्याने वाचली. "काही म्हण, चौऱ्याहत्तरची ती हिटच होती."

"होतीच," निकानोर टोपी काढत म्हणाला. "बाबांनाही माहीत होतं."