तांब्याशी बोलणारे मामाजी

कापूस वेचताना मला घोणस चावली. साल सदुसष्ट-अडुसष्टचं असेल, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. जीव वाचला, पण लघवी बंद झाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी हात टेकले, मुंबईला रक्त धुणारं मशीन आहे म्हणाले. नवरा फौजेत, सासू आधीच वारलेली. तेव्हा मला घेऊन धामणगावला गाडीत चढले ते मामाजी, म्हणजे माझे सासरे. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

आमच्या घरी सून-सासरे बोलतच नसत. मामाजींना काही विचारायचं असलं की ते समोरच्या तांब्याला विचारत, "भाकरी झाली काय म्हणा?" मी पदराआडून बांगड्या वाजवायची. वाजल्या म्हणजे हो, गप्प म्हणजे नाही. मुंबईलाही तोच तांब्या सोबत आला.

दवाखान्यात माझ्या डाव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या आणि मनगटात दोन नळ्या बसवल्या, एक धमनीत, एक शिरेत. मशीन चालू नसेल तेव्हा त्या बाहेरच एकमेकींना जोडून ठेवत, त्यातून माझं रक्त फिरत राही. नर्सनं मामाजींच्या हातात दोन चिमटे दिले. "जोड सुटला तर लगेच दोन्हीकडं लावायचे. आणि नळी कोमट आहे ना, बघत राहायचं. गार पडली म्हणजे रक्त गोठलं."

"किती दिवस टिकते हे?" मामाजींनी तिला विचारलं.

"टिकेल तोवर. मग दुसरा हात."

मामाजी माझ्याकडे पाठ करून स्टुलावर बसले आणि हात मागे नेऊन नळी चाचपू लागले. सासऱ्याचा हात सुनेच्या मनगटाला! मी पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळले. यापेक्षा साप पुरा चावला असता तर बरं, असं खरंच वाटलं. त्यात डॉक्टर रोज सकाळी सगळ्यांदेखत त्यांनाच विचारत, "लघवी झाली का?" मामाजी छताकडे बघत, मग तांब्याला म्हणत, "झाली काय म्हणा?" उजव्या हातातल्या बांगड्या गप्प राहत.

आठवडाभरानं एका दुपारी त्यांचा हात नळीवरच थांबला.

"गार लागून राह्यली," ते तांब्याला म्हणाले.

नळ्या उजव्या हातात गेल्या, उरलेल्या बांगड्याही गेल्या. नवरा सीमेवर आणि माझे दोन्ही हात मोकळे. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. हीही नळी गोठली तर पायात जागा शोधावी लागेल, तिथं जमेलच असं नाही, डॉक्टर म्हणाले.

मग एका सकाळी गादी ओली झाली. नर्स दुसऱ्या खोलीत होती. वाजवायला हातात बांगडी नव्हती.

"मामाजी," मी म्हणाले.

माझा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. जोड सुटला समजून त्यांनी चिमटे उचलले.

"झाली."

"काय झाली म्हणा?" त्यांनी तांब्याला विचारलं.

लाजेनं जीभ उचलेना. पण सांगणं भाग होतं. "लघवी. गादीतच."

मामाजी वळले. तांब्याकडे नाही, माझ्याकडे. माझा पदर कुठे होता कोण जाणे. "जिती राह्य, माय," म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले. नळीवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही.

गावी आल्यावर पुन्हा पदर, पुन्हा तांब्या, पुन्हा हातभर बांगड्या. मामाजी पुढं पुष्कळ वर्षं जगले. अजूनही आठवलं की माझी मान खाली जाते. उभ्या आयुष्यात आम्ही समोरासमोर बोललो ते तेवढंच, आणि तेही त्या गोष्टीवर.