डावा अंगठा

वकिलीचे ते पहिले दिवस आठवले की आधी एक अंगठा आठवतो. नुकतंच स्वातंत्र्य मिळालं होतं. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द करावा का, हे विचारत मी सरकारी समितीसाठी गावोगाव हिंडत होतो. पाथर्डीकडच्या एका चावडीत त्याच कायद्यापायी रोज पोलीसपाटलापुढे अंगठा उठवून हजेरी द्यायला येणारा एक म्हातारा भेटला. मी वही उघडताच त्यानं न विचारता शाईनं काळवंडलेला डावा अंगठा पुढं केला.

"बाबा, ही हजेरी आता बंद करतो," मी म्हणालो. काय ती माझी ऐट!

तो घाबरला. "नगा सायेब. कुटं चोरी झाली, तर मी हितं हुतो ह्ये कोन सांगंल?"

कायदा पुढे रद्द झाला. त्या म्हाताऱ्याच्या नुसत्या शब्दावर गावानं विश्वास ठेवावा, असं कलम मात्र मला कधीच लिहिता आलं नाही.