मी नको म्हणालो

आम्ही कप जिंकलो आणि दुसऱ्याच दिवशी माझी कोचिंगची कारकीर्द संपली. कुणी काढलं नाही, भांडण झालं नाही, वय झालं असंही कुणी म्हणालं नाही. मी नको म्हणालो, एवढंच.

हे सांगताना मला अजूनही विशेष काही वाटत नाही. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसं काहीतरी झालंय. बायको म्हणते, "तू शॉकमध्ये आहेस." ती डॉक्टर आहे, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला नाव असतं. मी म्हणतो, शॉक वगैरे काही नाही, चहा टाक.

ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला आम्ही आलो तेही तिच्या नोकरीमुळे. इथल्या हॉस्पिटलला डॉक्टर हवे होते. मी पुण्यात कॉलेजात सिव्हिल शिकवत होतो, तेच इथल्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे इथल्या भाषेत युनीत, शिकवायला लागलो. गाव तसं बरं आहे, पण गाडी नसेल तर दूध आणायचीसुद्धा पंचाईत. माती लाल, हिवाळ्यात पश्चिमेचं वारं कानातून आरपार जाणारं. आणि फुटबॉल म्हटलं की लोकांना रग्बी आठवते. आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात, तेही जरा कीव आल्यासारखं.

युनीच्या मुलींच्या टीमचा कोच सीझनच्या आधीच सोडून गेला. आमच्या डिपार्टमेंटमधले एक बंगाली प्राध्यापक त्या क्लबचं काम बघायचे. त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "आप कॉलेज में खेलते थे ना?" मी म्हणालो, "छे छे, वो जमाना गया, मुझसे नहीं होगा." ते हसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, मी परत नको म्हणालो. मग एके दिवशी ते शिट्टीच घेऊन आले, माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मंगलवार, पाँच बजे." याला म्हणतात विचारणं! मला आतून टीम हवीच होती, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. पुढे ते रिटायर होऊन मेलबर्नला मुलाकडे राहायला गेले.

पहिल्या सीझनला आम्ही सगळ्या मॅच हरलो. हरलो म्हणजे काय, धुलाई झाली. आमची कीपर पहिल्या वर्षाला होती, पश्चिमेकडच्या कुठल्याशा शेतावरून आलेली, उंच, गप्प. बॉल आला की डोळे मिटायची. गोलकीपर, आणि डोळे मिटते! सगळे म्हणाले, हिला बदला. मी हट्टी माणूस. मी सगळ्या बॉलवर जाड मार्करने आकडे लिहिले आणि तिला सांगितलं, बॉल अडवू नकोस, गेला तर जाऊ दे, फक्त त्याच्यावरचा आकडा मोठ्याने वाच. महिनाभर ती पोरगी गोलमध्ये उभी राहून आकडे ओरडत होती आणि गोल खात होती. बाकीच्या हसून लोळायच्या. नंतर एकदा आकडा ओरडता ओरडता तिने बॉल पकडला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी हातचलाखी केली होती. तिथून पुढे तिचे डोळे मिटले नाहीत.

मला इंग्लिशमध्ये ओरडता येत नाही. लेक्चर देता येतं, ओरडता येत नाही. मॅच रंगात आली की माझ्या तोंडून मराठीच निघायचं. "अगं सरक! सरक की! मागे बघ, मागे!" मुली आधी बावचळायच्या, मग त्यांनीच ते शब्द उचलले. दोन-तीन वर्षांत अशी वेळ आली, की क्वीन्सलंडच्या सोनेरी केसांच्या पोरी मैदानावर एकमेकींना "सरक!" म्हणून ओरडायच्या आणि समोरच्या टीमला काही कळायचं नाही. समोरच्यांचा कोच एकदा रेफरीकडे तक्रार घेऊन गेला. रेफरी म्हणाला, मेट, आय डोंट नो व्हॉट इट मीन्स आयदर.

मग आम्ही जिंकायला लागलो, आणि मग जिंकतच राहिलो. क्लबहाउसच्या कपाटात कप मावेनात. गावच्या पेपरात फोटो आला, त्यात माझे डोळे मिटलेले, त्यावरून कीपरने मला वर्षभर पिडलं. पुढे तिची डिग्री झाली, ती ब्रिस्बेनला शाळेत शिकवायला गेली, पण फायनलला मात्र दर वर्षी घाट चढून यायची. मला सगळे 'कोच' म्हणायचे. दुकानात, पेट्रोल पंपावर, बायकोच्या हॉस्पिटलात. सोमवार ते शुक्रवार मी एक साधा लेक्चरर, पोरं मागच्या बाकावर लॅपटॉप उघडून झोपतात. शनिवारी मी कोणीतरी होतो. खोटं कशाला बोलू, त्या एका दिवसासाठी मी बाकीचे सहा दिवस काढत होतो.

यंदाची फायनल आम्ही जिंकली. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबवर सॉसेज भाजणं, बिअर, नेहमीचा प्रकार. प्रेसिडेंट माझ्याजवळ आला. हा गृहस्थ प्लंबर आहे, त्याची मुलगी आमच्याकडे खेळायची, ती गेली पण तो राहिला. सज्जन माणूस. म्हणाला, "सो, कोच, नेक्स्ट इयर? गोइंग अराउंड अगेन?"

मी म्हणालो, छे छे, आता पुरे झालं. किती वर्षं मीच करायचं? कुणा तरुण माणसाला द्या.

का म्हणालो? कारण असंच म्हणतात! कुणी मानाची गोष्ट पुढे केली की लगेच झडप घालतात का? आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने म्हणायचं, असं कसं, तुमच्याशिवाय कोण आहे, मग आजूबाजूचे दोघे-चौघे गोळा होणार, मग आपण जरा अवघडून म्हणायचं, बरं, आता तुम्ही सगळे म्हणताच आहात तर एक वर्ष बघतो. माझे हे मनातले मांडे भाजून होईपर्यंत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फेअर इनफ, मेट. यू हॅव अर्न्ड इट." आणि तो सॉस आणायला गेला.

खरंच सॉस आणायला गेला. मी हातात सॉसेज घेऊन उभा. मला वाटलं, येईल परत. आला, पण माझ्या पावावर सॉस घातला आणि ड्रेसिंग रूमच्या छताबद्दल बोलायला लागला. मी छताबद्दल बोललो. लोखंडी पत्रा कसा बसवावा वगैरे, सविस्तर. आतून काहीच वाटत नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, थांबली.

"तू नको म्हणालास?"

"हो."

"आणि तुला हवंय?"

"हो मग!"

"अरे, तू काय लग्नाच्या पंगतीत बसला होतास? पानावर हात आडवा धरलास, की वाढपी दोन जिलब्या जास्तच टाकेल म्हणून? ही इथली माणसं आहेत, हात आडवा दिसला की पुढच्या पानावर जातात! हात दाखवून अवलक्षण! आत्ताच्या आत्ता फोन कर त्याला."

"आपण होऊन मागायचं?"

"नाहीतर काय तो शिट्टी घेऊन येणार आहे?"

मी फोन केला नाही. उद्या करू, उद्या करू. तेवढ्यात क्लबची सगळ्यांना मेल गेली, की कोच निवृत्त होतोय, प्रेझेंटेशन नाइटला, म्हणजे बक्षीस समारंभाला, त्याला झोकात निरोप देऊ. मुलींचे मेसेज यायला लागले. हार्ट, रडके चेहरे, "यू डिझर्व्ह अ रेस्ट, कोच." रेस्ट! मी काय आजारी होतो? एकीनेही लिहिलं नाही, की जाऊ नका. मला राग यावा असं फार वाटत होतं, पण तो येईना. शनिवारी मी हिरवळ कापली. रविवारी पुन्हा तीच कापली. शेजारी कुंपणावरून बघत राहिला. सिडनीहून मुलीचा फोन आला, ती तिथल्या कॅसल हिल भागात असते. "बाबा, जस्ट टेल देम यू चेंज्ड युअर माइंड. इट्स नॉट अ बिग डील." तिचा जन्म इथला. तिला ते डील वाटतच नाही.

शेवटी एका दुपारी बायकोने गाडीची चावी माझ्या हातात कोंबली. "जा. आणि मागितल्याशिवाय घरी येऊ नकोस."

प्रेसिडेंट मैदानावरच होता, ड्रेसिंग रूममागचा नळ दुरुस्त करत गुडघ्यावर बसला होता. मी मागे उभा राहिलो आणि वाटेभर घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. मला टीम हवी आहे. मी नको म्हणालो, पण ते खरं नव्हतं. आमच्याकडे पहिलं नको खरं नसतं. आयुष्यात मी कुणाकडे काही असं सरळ मागितलं नव्हतं. नोकरीसुद्धा नाही.

तो पाना हातात घेऊन वळला. मग खाली जमिनीवरच बसला. म्हणाला, तू नको म्हणालास त्या रात्री माझी बायको रडली. कमिटीतले दोघे म्हणत होते, जाऊन त्याला विनवू या. मीच त्यांना अडवलं. माणसाने एकदा नाही म्हटल्यावर त्याच्या मागे लागणं हा त्याचा अपमान, असं मला वाटलं. यू आर अ प्राउड मॅन, कोच. मला तुझा मान राखायचा होता.

म्हणजे तोही बिचारा पद्धतच पाळत होता.

"मग आता?" मी विचारलं.

त्याने पाना खाली ठेवला. आता अडचण अशी होती, की त्याने नवा कोच ठरवला होता. माझी कीपर. तिला फोन केला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, कोच नक्की सोडतोय ना? तो नक्की म्हणाला, तेव्हाच ती हो म्हणाली. तिने ब्रिस्बेनच्या शाळेत राजीनामा दिला, इथे भाड्याचं घर बघितलं. मला कुणी बोललं नव्हतं, कारण प्रेझेंटेशन नाइटला तिला माझ्यासमोर उभं करून मला चकित करायचं होतं.

"पण टीम तुझी आहे," तो म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, तिचा नंबर शोधला, आणि अंगठा स्क्रीनवर धरून माझ्याकडे बघितलं. "मी तिला आत्ता सांगतो. शी'ल अंडरस्टँड. यू जस्ट से द वर्ड."

ती समजून घेईल हे मला माहीत होतं. एका शब्दाने कुरकुर करणार नाही, वर मलाच अभिनंदनाचा फोन करेल, आणि मग नोकरी शोधायला लागेल. मला टीम हवी होती.

"नको," मी म्हणालो.

त्याने फोन खिशात ठेवला नाही. "कोच, मी पुन्हा विचारतोय. आर यू शुअर?"

"नको."

"अजून एकदा विचारू?"

मी नाही अशी मान हलवली. त्याने हळूच फोन ठेवला, पाना उचलला आणि पुन्हा नळाला लागला.

घरी आलो तर बायको दारातच.

"मागितलीस?"

"मागितली."

"मग? दिली नाही?"

"देत होता."

मी तिला कीपरचं सांगितलं. सगळं, क्रमाने, मीटिंगचा रिपोर्ट द्यावा तसं. तिने ऐकून घेतलं, ताट वाढलं, माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली. रोज हॉस्पिटलात काय काय बघून येते, पण मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी जेवत राहिलो. माझ्या वाटचंही तीच रडली.